ईजीआर व्हॉल्व्ह धुतला, तरी काजळी परत का आली? एका डिझेल गाडीचं प्रकरण

गाडी २०१७ सालची. पंधराशे सीसीचं, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, बीएस-४ या प्रदूषणाच्या नॉर्मचं. मीटरवर ७४ हजार किलोमीटर. मालक कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमध्ये शिक्षक. घरापासून शाळा पाच किलोमीटरवर. सकाळी जाणं, संध्याकाळी येणं, मधे बाजार, सुट्टीत कधीतरी गावी. सलग तासभर पळायला मिळावं असं या गाडीच्या वाट्याला क्वचितच यायचं.

तक्रार अशी होती: वाघबीळ सोडून पन्हाळ्याची चढण लागली की गाडी ओढायची बंद व्हायची. ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर, मग चेक इंजिनचा दिवा, आणि त्यानंतर काही केल्या इंजिन तीन हजार आरपीएमच्या वर जाईना. बाजूला घेऊन बंद करून परत सुरू केली की थोडा वेळ बरी चालायची. उभ्या गाडीतही आरपीएम वरखाली व्हायचा. ॲव्हरेज एकोणीसवरून पंधरावर आलं होतं.

महत्त्वाचा भाग पुढे आहे. हाच त्रास मागच्या दिवाळीच्या आधीही झाला होता. तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा दरवाजा) काढून साफ केला गेला आणि गाडी छान झाली. दोन-तीन महिने गेले आणि तक्रार पहिल्यासारखी परत आली. मग कुणीतरी सल्ला दिला की प्लेट मारून ईजीआर कायमचा बंद करा, दिवा सॉफ्टवेअरमधून घालवता येतो. सर आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजवर आले ते त्याच तयारीनं. "मिस्त्री, एकदाचं ते बंदच करून टाका की. दर सहा महिन्यांनी कोण धुत बसणार?"

त्यांचा वैताग रास्त होता. पण पहिल्यांदा ज्या व्हॉल्व्हला भरायला ६५ हजार किलोमीटर लागले, तोच दुसऱ्यांदा काही हजारांत भरला, तर मधल्या काळात इंजिनात काहीतरी बदललेलं असणार. काजळी जास्त तयार होत होती किंवा जास्त चिकटत होती. ते शोधल्याशिवाय व्हॉल्व्ह धुणं म्हणजे पुन्हा तेवढ्याच महिन्यांची सोय, आणि बंद करणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून नुसती तक्रार गप्प करणं. सरांना तसं सांगितलं आणि गाडी ठेवून घेतली.

हा व्हॉल्व्ह करतो काय

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कशात भाग घेत नाही. सिलिंडरमध्ये ज्वलनाचं तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या वर चढलं की मात्र तो ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. गाड्यांच्या भाषेत यालाच नॉक्स म्हणतात. डिझेल इंजिनात हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते, त्यामुळे इथे हा प्रश्न मोठा. उपाय असा काढला गेला की सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर कूलरमधून गार करून परत इंजिनात सोडायचा. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ उष्णता शोषून घेतात, ऑक्सिजनचं प्रमाण उतरतं, ज्वलनाचं शिखर-तापमान खाली येतं आणि नॉक्स कमी होतो. किती धूर परत सोडायचा हे ठरवणारा दरवाजा म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह.

आपल्याकडे डिझेल कारसाठी नॉक्सची मर्यादा बीएस-३ मध्ये किलोमीटरला ०.५० ग्रॅम होती, बीएस-४ मध्ये ०.२५ आणि २०२० पासून बीएस-६ मध्ये ०.०८. प्रत्येक पायरीला ईजीआरवरचा भार वाढत गेला. याची किंमतही आहे: ऑक्सिजन कमी केला की काजळी वाढते. म्हणून इंजिन बनवणारे नॉक्स आणि काजळी यांच्यामधली बारीक रेघ पकडून सगळी मापं ठरवतात. त्यातलं एखादं माप हललं की तोल काजळीकडे झुकतो.

आणि नुसती काजळी तेवढी वाईट नसते. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाची कोरडी काजळी बोटानं निघते, तीच तेलकट झाली की राख घेऊन घासत बसावं लागतं. इथेही तेच होतं. धुरातून कोरडी काजळी येते, इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर काढणाऱ्या पाइपमधून, ऑइलची वाफ येते, अर्धवट जळलेल्या डिझेलचे जड अंश येतात. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या, तोंडाशी या तिघांची गाठ पडते आणि काळा, चिकट थर बसत जातो. ऑइल आणि न जळलेलं डिझेल हा त्यातला डिंक. म्हणून भरलेला व्हॉल्व्ह हातात आला की मी आधी थर कोरडा आहे की ओला ते बघतो. किती जाड आहे हे त्यानंतर.

स्कॅनरमधली एक ओळ

पाना हातात घेण्याआधी स्कॅनर लावला. कंप्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे दोन कोड होते. पी०४०४, म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह सांगितल्या जागी जात नाही. आणि पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतो. पहिल्या गॅरेजमध्ये पी०४०४ वाचून व्हॉल्व्ह काढला होता आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरच होतं.

कोड पडतो त्या क्षणीची इंजिनची स्थिती कंप्युटर साठवून ठेवतो. तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. ती उघडायला दोन बटणं जास्त दाबावी लागतात, म्हणून पुष्कळदा बघितलीच जात नाही. या गाडीची अशी होती: वेग ताशी ३८ किलोमीटर, २१०० आरपीएम, लोड ८० टक्क्यांच्या वर, इंजिन सुरू होऊन ३४ मिनिटं झालेली, आणि कूलंटचं तापमान ६४ अंश.

चढणीला, भरलेल्या लोडवर, अर्धा तास चाललेल्या इंजिनाचं कूलंट ८५ ते ९० च्या घरात हवं. ६४ म्हणजे ते इंजिन कधी पुरतं तापतच नव्हतं. सरांना हे कळायला मार्ग नव्हता, कारण या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटाच नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो, थोडं तापलं की जातो. काटा काढून टाकण्याची ही पद्धत मला मुळीच पटत नाही. इंजिन जास्त तापल्याचा लाल दिवा गाडी दाखवते, पण पुरेसं तापत नसल्याचं चालवणाऱ्याला कुणीच सांगत नाही.

मग चालू इंजिनावर आकडे बघितले. स्कॅनरवरून व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायची आज्ञा दिली, तर प्रत्यक्षात तो ११ टक्के उघडा अडकून राहत होता. हवेचा आकडाही तेच सांगत होता. हिशेब सोपा आहे: पंधराशे सीसी भागिले चार, म्हणजे एका सिलिंडरचे ३७५ सीसी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, इथली हवा थोडी विरळ. ते धरून, ईजीआर बंद असताना आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) एका स्ट्रोकमागे ३४० मिलिग्रॅमच्या जवळपास ताजी हवा आत जायला हवी. इथे २३० दिसत होती. बाकीची जागा धुरानं व्यापलेली. ज्या इंजिनाला आयडललाच एवढा धूर पाजला जातोय, ते चढणीला ओढणार कसं?

इंजिन बंद, किल्ली चालू, अशा स्थितीत मॅनिफोल्डचा प्रेशर सेन्सर ९४ किलोपास्कल दाखवत होता. आपल्या उंचीला तो ९४-९५ दाखवायलाच हवा, म्हणजे तो सेन्सर अजून शाबूत. मुंबई-कोकणातल्या वाचकांनी १०१ धरावा.

थर्मोस्टॅट आणि होज

गाडी रात्रभर उभी राहिली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं आणि फॅन-पट्ट्यापासून हात जपत रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावून उभा राहिलो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो ठीक असेल तर बराच वेळ हा होज गार राहतो, आणि थर्मोस्टॅट उघडला की एकदम चटका बसतो. इथे पहिल्या दोन-तीन मिनिटांतच होज कोमट व्हायला लागला आणि इंजिनसोबत सावकाश तापत गेला. म्हणजे पाणी पहिल्यापासूनच रेडिएटरमधून फिरत होतं. ही तपासणी कुणालाही करता येते, स्कॅनर लागत नाही.

थर्मोस्टॅट काढला. त्यावर ८८ अंशांचा शिक्का, म्हणजे त्याआधी त्यानं घट्ट बंद असायला हवं. गार असतानाच त्याची चकती तिच्या बैठकीपासून तीनेक मिलिमीटर वर उचललेली होती आणि खाली गंजाचा एक खवला अडकलेला दिसत होता. कूलंटची टाकी बघितली तर आत तपकिरी पाणी. सरांनी सांगितलं, पातळी कमी दिसली की ते पंपावर साधं पाणी भरून घ्यायचे. असं कितीतरी जण करतात, आणि त्यांना कधी कुणी सांगितलेलं नसतं की कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, साध्या पाण्यानं ती पातळ होत जातात आणि आतलं लोखंड खवले धरतं.

थंड इंजिनाचा काजळीशी संबंध काय, हे समजावून घेण्यासारखं आहे. सिलिंडरच्या भिंती गार असल्या की फवारलेलं डिझेल पूर्ण जळत नाही, त्याचे जड अंश धुरात शिल्लक राहतात. हा धूर ईजीआर कूलरमधून जातो, आणि कूलरमध्ये फिरणारं कूलंटही ६४ अंशांचं, त्यामुळे ते अंश तिथेच निथळतात आणि काजळीला डिंक मिळतो. अगदी गार इंजिनात कंप्युटर ईजीआर बंद ठेवतो, पण ६४ अंश त्या मर्यादेच्या वर होते. म्हणजे ईजीआर रोज चालू राहत होता आणि रोज चुकीच्या तापमानाला चालू राहत होता. त्यात प्रवास पाच-पाच किलोमीटरचे.

आता दुसरा कोड, पी०२९९. टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोनं दाबलेली हवा गार करणारा भाग) जाणारा रबरी होज खालून बघितला, तर क्लॅम्पच्या शेजारी ऑइलचा ओलावा आणि त्यावर धूळ बसून झालेला काळा पट्टा. थोडा ओलावा टर्बोच्या गाड्यांत चालतो, पण पट्टा एकाच जागी बाहेरच्या बाजूनं असेल तर तिथून हवा निसटते असं समजावं. कमी दाबाची हवा भरून साबणाचं पाणी सोडलं, तर क्लॅम्पखालच्या चिरेतून बुडबुडे.

ही चीर काजळीला दोन बाजूंनी खतपाणी घालते. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो आणि चीर टर्बोनंतर. मोजलेली सगळी हवा इंजिनपर्यंत पोचत नाही, पण कंप्युटर डिझेल सोडतो ते मोजलेल्या हवेच्या हिशेबानं. डिझेल जास्त, हवा कमी, परिणाम काळा धूर. आणि ईजीआर किती उघडायचा हेही कंप्युटर त्याच सेन्सरवरून ठरवतो. ताजी हवा भरपूर येतेय असं दिसलं की तो व्हॉल्व्ह आणखी उघडतो. जादा काजळीचा धूर, आणि त्यातलाच जादा धूर परत इंजिनात.

मागच्या वेळी व्हॉल्व्ह स्वच्छ झाला, पण थर्मोस्टॅट आणि होज दोन्ही तसेच राहिले.

साफसफाई, आता सविस्तर

इंजिन गार करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. या गाडीत व्हॉल्व्ह आणि कूलर जोडून आहेत, म्हणून कूलंट आधी उतरवलं. ते नाहीतरी बदलायचंच होतं. बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं आणि थांबलो. गरम-गार होऊन हे बोल्ट धरून बसतात, आणि मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असतो. घाईनं जोर लावला तर आटेच बोल्टाबरोबर बाहेर येतात आणि छोटं काम मोठं होतं.

व्हॉल्व्ह हातात आला. धुराच्या बाजूला कोरडी, पापुद्र्यांची काजळी. मॅनिफोल्डच्या बाजूला डांबरासारखा ओला, चकाकणारा थर, बोट लावलं तर तार सुटेल असा. दांडीभोवती तोच थर कॉलरसारखा घट्ट झालेला, आणि चकतीच्या कडेला एक टणक खडा. त्या खड्यामुळेच व्हॉल्व्ह ११ टक्क्यांवर अडत होता. मॅनिफोल्डचं तोंड, जे बोटं आत घालून तपासता यावं असं रुंद असतं, त्यातून कसाबसा अंगठा जात होता.

हातमोजे आणि मास्क याबाबत मी आमच्या पोरांना सूट देत नाही. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्ये माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत असलेल्या पहिल्या गटात टाकलंय. वाळलेली काजळी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवून देणं म्हणजे ती अख्ख्या गॅरेजनं छातीत भरून घेणं. आधी कोरडी खरवड, खाली कागद, आणि खरवडलेलं व्हॅक्युमनं ओढून घेणं, एवढा क्रम पाळायचा.

खरवडायला लाकडी पट्टी किंवा प्लॅस्टिकचं पातं. बाहेरच्या घरासाठी पितळी ब्रश चालतो. पण चकती जिथे टेकते त्या बैठकीला लोखंडी ब्रश किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही. तिथे चरे पडले की व्हॉल्व्ह बंद दिसतो आणि गळत राहतो. काजळी विरघळवणारा स्प्रे मारताना व्हॉल्व्हच्या इलेक्ट्रिक मोटारची बाजू वर आणि चकती खाली धरायची, म्हणजे विरघळलेली घाण दांडीवरून मोटारमध्ये आणि पोझिशन सेन्सरमध्ये उतरत नाही. अख्खा व्हॉल्व्ह डब्यात बुडवून रात्रभर ठेवण्याची जी पद्धत आहे, तिनं चांगली मोटार मारली जाते. इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह बुडवायची गोष्ट नाही. स्क्रूड्रायव्हरनं चकती दाबून जोरात उघडबंदही करायची नाही. आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात.

कॉस्टिक सोड्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण लोखंडी ब्लॉक धुवायला त्याची टाकी पुष्कळ ठिकाणी असते. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक पडला की तो धातूच खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो, जो पेट घेतो. व्हॉल्व्हचं घर आणि मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचे. तिथे कॉस्टिक नको म्हणजे नकोच.

स्प्रे मारायचा, दहा मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचं, परत मारायचा. या कामाला वेळ लागतो. दांडीभोवतीची कॉलर सगळ्यात शेवटी सुटली. स्वच्छ झाल्यावर एक साधी परीक्षा घेतली: व्हॉल्व्ह बंद स्थितीत धरून चकतीवर थोडं डिझेल ओतलं आणि पाच मिनिटं खालून बघितलं. थेंब उतरला नाही, म्हणजे बैठक शाबूत. उतरला असता तर कितीही चकचकीत असला तरी तो व्हॉल्व्ह बदलायला सांगितलं असतं.

मॅनिफोल्ड सोडवून वेगळा धुतला, प्रेशर सेन्सरचं टोक हलक्या हातानं साफ केलं, कूलरला हवेचा दाब देऊन पाण्यात धरलं आणि तो गळत नाही याची खात्री करून मग आतून धुतला. कूलर फुटका असेल तर कूलंट हळूहळू कमी होतं आणि पांढरा धूर येतो. तसा कूलर धुऊन उपयोग नाही. गॅस्केटं सगळी नवी. जुनं गॅस्केट परत बसवून वाचतात दोनशे-तीनशे रुपये आणि नंतर धूर बॉनेटमध्ये यायला लागतो.

काहीही न खोलता, चालू इंजिनात हवेच्या पाइपमधून स्प्रे मारून काजळी काढायचा प्रकारही चालतो. भरलेल्या डिझेल इंजिनावर मी तो करत नाही. टणक खडा सुटून सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर किंवा टर्बोच्या पात्यांवर आदळू शकतो. शिवाय डिझेल इंजिनाला आत येणारं कुठलंही जळणारं द्रव्य इंधनच वाटतं. स्प्रे जास्त गेला तर इंजिन त्यावरच पळत सुटतं आणि ॲक्सिलरेटर सोडून थांबत नाही. डिझेलच्या टाकीत घालायच्या बाटल्यांविषयी विचारणारेही पुष्कळ असतात. त्यांचा इंजेक्टरला काही फायदा होत असेल, पण डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. मॅनिफोल्डच्या तोंडाशी बसलेल्या थराला ते शिवतही नाही.

सगळं बसवल्यावर स्कॅनरमधून व्हॉल्व्हची बंद स्थिती कंप्युटरला नव्यानं शिकवावी लागते. हे राहिलं तर स्वच्छ व्हॉल्व्हवरही पी०४०४ परत येतो आणि काम फुकट गेल्यासारखं वाटतं.

"मग बंद का नाही करायचा?"

नवा थर्मोस्टॅट, नवा होज, योग्य प्रमाणातलं कूलंट, आणि स्वच्छ व्हॉल्व्ह. तरी सरांच्या मनात प्रश्न होताच, आणि तो त्यांनी विचारला हे बरं झालं. प्लेट मारलेल्या गाड्या त्यांनी बघितल्या होत्या, धूर नसलेल्या, पीयूसी पास होणाऱ्या.

ते खरं आहे आणि गोम तिथेच आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजला जातो. बीएस-४ ला मर्यादा १.६२. नॉक्स त्यात मोजलाच जात नाही, आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. ईजीआर बंद केला की काजळी कमी होते, म्हणून पीयूसीचा आकडा उलट सुधारतो. कागदावर गाडी जास्त स्वच्छ, प्रत्यक्षात नॉक्स वाढलेला. हा वायू फुप्फुसांना त्रास देतो, उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो आणि बारीक कणही. कोल्हापूर आणि सांगली ही दोन्ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत, कारण इथली हवा ठरवलेल्या मापात बसत नाही. सरांची गाडी रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी उभी राहते. तिथे कोण उभं असतं हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

कायद्याची बाजू: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या रचनेत असे बदल करायला मनाई करतं. आणि यांत्रिक बाजू ही की, प्लेट मारली असती तर थर्मोस्टॅट तसाच उघडा राहिला असता. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरत राहिलं असतं, ऑइल पातळ होत गेलं असतं, आणि दिवा सॉफ्टवेअरमधून बंद केलेला असल्यामुळे गाडीनं काहीच सांगितलं नसतं. कारण शोधून दुरुस्ती होत असताना प्लेट मारून देणं हे मला कारागिरीत बसत नाही. आमच्याकडे ते काम आम्ही घेत नाही आणि का घेत नाही ते प्रत्येकाला बसवून सांगतो.

त्यानंतर

बंदची आज्ञा दिल्यावर व्हॉल्व्ह शून्यावर, आयडलला हवा ३३५ मिलिग्रॅम. पन्हाळ्याच्या चढणीला सर स्वतः गाडी चालवत होते, स्कॅनर माझ्या मांडीवर. कूलंट ८७ ते ८९ च्या मधे स्थिर, टर्बोचा दाब मागितला तेवढा मिळत होता. वर गडाच्या तीन दरवाजापर्यंत दिवा लागला नाही. धूर आरशात दिसला नाही.

खर्चाचं बोलायचं तर थर्मोस्टॅट, होज, कूलंट, गॅस्केटं आणि दीड दिवसाची मजुरी धरून बिल साडेनऊ हजारांच्या आत बसलं. नवा व्हॉल्व्ह घातला असता तर नुसत्या त्या एका पार्टची किंमत त्याहून जास्त होती, आणि काही महिन्यांत तोही भरला असता.

गाडीच्या वापराबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या. फाटकापाशी उभं राहताना इंजिन बंद करायचं. आणि आठवड्यातून एकदा, इंजिन तापल्यावर, हायवेला अर्धा तास अडीच हजार आरपीएमच्या आसपास सलग चालवायची. यानं आधी बसलेला थर जळत नाही, हे लक्षात असू द्या. काजळी जळायला साडेपाचशे-सहाशे अंश लागतात आणि मॅनिफोल्ड तेवढा कधीच तापत नाही. नवा थर ओला न राहता कोरडा राहतो, एवढाच त्याचा फायदा, आणि तो पुरेसा आहे. कूलंटची पातळी उतरली तर पाणी न भरता आधी दाखवायला या, हेही सांगितलं.

पाच हजार किलोमीटर झाल्यावर गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा व्हॉल्व्ह मुद्दाम सोडवून बघितला. चकतीवर काळी, कोरडी, बोटानं पुसली जाणारी पातळ काजळी होती. एवढी प्रत्येक चालत्या डिझेल गाडीत असतेच. दांडी मोकळी, मॅनिफोल्डच्या तोंडाशी चिकटपणा नाही. पुसून तसाच बसवला. ॲव्हरेज अठराच्या वर आलंय. ब्रीदरच्या पाइपमध्ये मात्र ऑइलचा ओलावा मला हवा त्यापेक्षा थोडा जास्त दिसला, म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइल सेपरेटर (ब्रीदरच्या वाफेतलं ऑइल वेगळं करणारा भाग) उघडायचा असं जॉब कार्डवर लिहून ठेवलंय.